नवाहो प्रदेशातील बस

उत्तर अमेरिका खंडातील संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागात, ॲरिझोना, न्यू मेक्सिको व यूटा या तीन राज्यांच्या सीमा जेथे एकमेकींजवळ येतात, तेथे नवाहो लोकांचा प्रदेश पसरलेला आहे. हे लोक स्वतःला ‘दिने’ म्हणवितात. ‘दिने’ म्हणजे ‘माणसे’. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या ज्या अनेक जमाती आज आपापल्या राखीव प्रदेशांत राहतात, त्यांत भूमीच्या विस्ताराने हा प्रदेश सर्वांत मोठा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या चौथ्या हिश्श्याहून थोडेसेच कमी भरते. नवाहोंचे स्वतःचे विधिमंडळ आहे, न्यायालये आहेत, अध्यक्ष आहे. त्यांच्या राजधानीचे नाव विंडो रॉक. तेथील एका उंच तांबड्या खडकाला खिडकीसारखे वाटोळे, प्रचंड भोक पडलेले आहे व त्यातून पलीकडचे निळे आकाश दिसते; त्यावरूनच गावाला हे नाव पडले.

एवढ्या मोठ्या प्रदेशात राहणारी माणसे मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास. हिशेब केला, तर चौरस किलोमीटरला अडीच माणसेही वाट्याला येत नाहीत. शिवाय ही माणसे दाट वस्तीच्या गावांत राहतात असेही नाही. नवाहोंची जुनी उपजीविका मेंढपाळीची. भूमी रुक्ष, गवत विरळ, पाणी दूर. एका कुटुंबाच्या कळपाला चरण्यासाठी मोठे रान लागे. त्यामुळे एका आजीच्या लेकी, जावई आणि नातवंडे अशा गोतावळ्याची चार-दोन घरे एकत्र आणि त्यांपासून दुसऱ्या गोतावळ्याची घरे कित्येक किलोमीटर दूर, अशी वसतीची रीत पडली. लाकडाच्या ओंडक्यांवर माती लिंपून बांधलेल्या त्यांच्या पारंपरिक घराला ‘होगान’ म्हणतात. होगानचे दार नेहमी पूर्वेला असते. आज बहुतेक लोक साध्या घरांत राहतात, मेंढ्याही पूर्वीइतक्या उरल्या नाहीत. तथापि विखरून राहण्याची रीत कायम आहे. अनेक घरांना क्रमांक नाही, गल्लीचे नाव नाही. टपाल घरी येत नाही. ते टपालकचेरीतील पेटीतून जाऊन आणावे लागते. पत्ता सांगायचा, तर ‘पवनचक्कीपासून डावीकडे वळा, मग पांढऱ्या टेकडीच्या अंगाने जा’ असा सांगावा लागतो.

अशा ठिकाणी अंतर हा शब्द किती जड होतो, हे शहरात वाढलेल्या मुलाला सहसा कळायचे नाही. दहा घरांमागे सुमारे तीन घरांत नळाचे पाणी नाही, म्हणून पाण्याची पिंपे गाडीत घालून दूरच्या नळकोंडाळ्यावरून भरून आणावी लागतात. सर्व प्रकारचा ताजा माल मिळेल अशी मोठी दुकाने साऱ्या प्रदेशात मिळून डझनभराच्या आसपास. रुग्णालये आहेत, ट्युबा सिटी, चिन्ली, शिपरॉक, फोर्ट डिफायन्स अशा मोठ्या गावांत ती आहेत आणि प्रदेशाच्या सीमेबाहेरच्या गॅलप या शहरातही आहे. परंतु रुग्णालय असणे निराळे आणि तेथवर पोहोचता येणे निराळे. मधुमेहाचा विकार तेथे फार आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. ज्याच्या घरी मोटार नाही, किंवा मोटार आहे पण पेट्रोलला पैसे नाहीत, त्याने काय करावे? रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाडीला हात दाखवावा, हाच तेथील जुना मार्ग. थांबणारी माणसे पुष्कळ असतात, कारण ओळख नसली तरी कुळाचे नाते निघते. तरीही थंडीत, अंधारात, निर्जन रस्त्यावर असे उभे राहणे सुखाचे नाही आणि स्त्रियांना व मुलांना तर ते धोक्याचेही आहे.

या लोकांचा आणि लांबच्या वाटेचा संबंध फार जुना व दुःखाचा आहे. १८६४ मध्ये अमेरिकेच्या सैन्याने नवाहोंची शेते व फळबागा जाळल्या आणि त्यांना घरे सोडून पूर्वेकडे बॉस्क रेडोंडो नावाच्या छावणीकडे पायी चालत नेले. चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर बायकामुलांसह, थंडीवाऱ्यात त्यांना तुडवावे लागले. आठ हजारांहून अधिक माणसे त्या उजाड छावणीत चार वर्षे कोंडून पडली होती. कित्येक वाटेत मरण पावली, कित्येक छावणीतील उपासमारीने व रोगांनी. पुढे १ जून १८६८ रोजी तह झाला आणि नवाहोंना आपल्याच जुन्या भूमीच्या एका भागात परत जाण्याची मुभा मिळाली. पुष्कळ जमातींना कायमचे परमुलखात हाकलले गेले. नवाहो मात्र घरी परतले. ही गोष्ट ते आजही अभिमानाने सांगतात. परतीची वाटही बहुतेकांनी पायीच तुडवली.

त्यानंतरच्या काळात घोडा आणि लाकडी चाकांची गाडी हीच त्यांची वाहने होती. ठिकठिकाणी व्यापाऱ्यांची दुकाने निघाली. गनाडो या गावी जॉन लोरेन्झो हबेल याने १८७८ मध्ये विकत घेतलेले दुकान आजही राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केलेले आहे. मेंढ्यांची लोकर आणि विणलेली सुरेख घोंगडी गाडीत भरून लोक दुकानापर्यंत येत आणि पीठ, साखर, कॉफी घेऊन परत जात. जाण्यायेण्यात एखाददुसरा दिवस सहज मोडे. पुढे मोटारी आल्या. दुसऱ्या महायुद्धात हजारो नवाहो तरुण लढावयास गेले व बाहेरचे जग पाहून आले. युद्धानंतर मागे उघडा हौदा असलेली मोटार नवाहोंच्या अंगणात दिसू लागली आणि हळूहळू तिने घोडागाडीची जागा घेतली.

भाषेच्या अभ्यासकाला येथे थोडे थांबावेसे वाटेल. मोटार ही वस्तू नवाहोंना अगदी नवीन. पण तिच्यासाठी त्यांनी इंग्रजी शब्द उचलला नाही. सुरू होताना ते यंत्र जसे कुरकुरते, त्या आवाजावरूनच त्यांनी तिचे नाव ठेवले : ‘चिदी’. आपल्याकडे मोटारसायकलीला ‘फटफटी’ हे नाव कसे पडले, ते आठवून पाहावे. खेड्यातील माणसाने तो शब्द कोणत्याही कोशात पाहून घेतला नव्हता. कानाने ऐकला आणि जिभेने घडवला. नवाहोंनी एवढ्यावर न थांबता ‘चिदी’पासून पुढचे शब्दही तयार केले. मालमोटार म्हणजे ‘मोठी चिदी’, विमान म्हणजे ‘उडणारी चिदी’ आणि शाळेची बस म्हणजे ‘पिवळी चिदी’. कारण अमेरिकेत शाळेच्या बसगाड्यांना सर्वत्र पिवळा रंग देतात. परक्या वस्तूला आपल्या भाषेत घर बांधून देण्याची ही हौस मोठी गोड आहे.

वाहने आली, पण रस्ते कोठे होते? पावसाने तेथील माती चिकणमातीच्या लगद्यासारखी होते. चाक रुतले की निघत नाही. हिमवर्षाव झाला, तर प्रश्नच मिटला. १९४७-४८ च्या हिवाळ्यात नवाहोंची झालेली उपासमार साऱ्या देशातील वृत्तपत्रांतून गाजली आणि त्यानंतर १९५० मध्ये केंद्र शासनाने नवाहो व त्यांचे शेजारी होपी यांच्यासाठी एक विशेष कायदा करून सुमारे ८ कोटी ८५ लाख डॉलर मंजूर केले. त्यातील मोठा वाटा शाळांसाठी आणि रस्त्यांसाठी होता. पहिले लांब डांबरी रस्ते झाले ते याच सुमारास व यानंतर. तरी सारे भागले असे नाही. डिसेंबर १९६७ मध्ये इतका प्रचंड बर्फ पडला, की शेकडो कुटुंबे आपापल्या घरांत अडकून राहिली आणि माणसांसाठी अन्न व जनावरांसाठी वैरण विमानांतून खाली टाकावी लागली.

अशा प्रदेशात सार्वजनिक बस चालविण्याचे काम कोणी अंगावर घ्यावे? खाजगी व्यापारी ते घेणार नाही. शंभर किलोमीटर जाऊन दहा उतारू मिळाले, तर तेलाचा खर्चही निघत नाही. १९७८ मध्ये अमेरिकेच्या केंद्र शासनाने ग्रामीण भागातील सार्वजनिक वाहतुकीला आर्थिक साहाय्य देण्याचा कायदा केला आणि त्यानंतर लवकरच, १९८० मध्ये, नवाहो शासनाने स्वतःची बससेवा सुरू केली. मोठी गावे एकमेकांना व राजधानीला जोडावीत, आणि सीमेबाहेरील गॅलप, फार्मिंग्टन यांसारख्या बाजारपेठांपर्यंत लोकांना नेऊन आणावे, असा तिचा साधा आराखडा होता व आजही आहे. गाड्या मुख्यत्वे सोमवार ते शुक्रवार धावतात. तिकिटाच्या उत्पन्नातून ही सेवा कधीच चालणार नव्हती. ती अनुदानावर चालते. आरंभी असे अनुदान राज्यांच्या हातून येई. नवाहोंचा प्रदेश तीन राज्यांत विभागलेला असल्याने एकाच सेवेसाठी निरनिराळ्या राजधान्यांकडे अर्ज-विनंत्या करीत राहणे किती किचकट असेल, ते सांगावयास नको. २००५ च्या कायद्याने मात्र मूळ रहिवाशांच्या जमातींना वाहतुकीसाठी केंद्राकडून थेट निधी मिळण्याची स्वतंत्र तरतूद झाली. हे योग्यच झाले. ज्यांना आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा ठाऊक आहे, त्यांच्याच हाती गाडीचा पैसा असावा.

या बसने एखादा प्रवास कसा होतो, ते पाहू. पश्चिमेकडील ट्युबा सिटी हे नवाहो प्रदेशातील सर्वांत मोठ्या गावांपैकी एक. तेथून पूर्वेकडील विंडो रॉकपर्यंत जाणारा रस्ता २६४ क्रमांकाचा. अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. समजा, ट्युबा सिटीजवळच्या एका वृद्ध बाईंना राजधानीतील कचेरीत एक कागद सादर करावयाचा आहे. नवाहो मुले अशा बाईंना ‘शिमासानी’ म्हणतील. ‘शि’ म्हणजे माझी, ‘मा’ म्हणजे आई आणि ‘सानी’ म्हणजे वयाने वडील. आईची आई ती शिमासानी. (‘मा’ हा शब्द आपल्या कानाला ओळखीचा वाटतो खरा, परंतु त्यावरून दोन भाषांचे नाते जोडू नये. जगातील अनेक भाषांत बाळाच्या तोंडून पहिल्याने निघणारा आवाज आईच्या वाट्याला आलेला आहे.) शिमासानींचे काम वीस मिनिटांचे असले, तरी त्यांना दिवस मोडावा लागतो. पहाटेच्या अंधारात त्यांचा नातू त्यांना आपल्या गाडीतून कच्च्या वाटेने डांबरी रस्त्यापर्यंत आणून सोडतो. बस येते. चालक ‘यातएह’ म्हणून नमस्कार करतो. आत डोक्याला रुमाल बांधलेल्या दोन-तीन बायका, पुस्तकांची पिशवी घेतलेला एखादा विद्यार्थी, दवाखान्यात निघालेले एखादे आजोबा.

गाव सोडताच एक मोठी गंमत सुरू होते. ट्युबा सिटीला लागूनच मोएन्कोपी नावाचे होपी लोकांचे खेडे आहे. होपी ही निराळी जमात आणि तिचा प्रदेश नवाहो प्रदेशाच्या पोटातच, चारही बाजूंनी वेढलेला असा आहे. आता अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. ॲरिझोना राज्याने १९६८ पासून ही प्रथा सोडून दिली. नवाहोंचा प्रदेश तीन राज्यांत असल्यामुळे सर्वत्र एकच वेळ राहावी म्हणून त्यांनी ती चालू ठेवली. होपींनी ॲरिझोनाचे घड्याळ पत्करले. त्यामुळे उन्हाळ्यात ट्युबा सिटीत सात वाजलेले असतात, तेव्हा रस्त्यापलीकडे मोएन्कोपीत सहाच वाजलेले असतात! पुढे होपींची जुनी खेडी लागतात. उंच खडकांच्या माथ्यावर दगडी घरे रचलेली. त्यांतील ओरायबी हे संयुक्त संस्थानांतील अखंड वस्ती असलेल्या अतिप्राचीन गावांपैकी एक गणले जाते. तेथे पुन्हा घड्याळ एक तास मागे. मग जेडिटो हा नवाहोंचा एक तुकडा होपी भूमीच्या आतच आहे. तेथे पुन्हा पुढे. ज्या प्रवाशाने प्रत्येक सीमेवर घड्याळ लावावयाचे ठरवले, त्याचा सारा दिवस काटे फिरवण्यातच जाईल. शिमासानी तसे काही करीत नाहीत. त्यांना भेटावयाची कचेरी विंडो रॉकची, आणि विंडो रॉक नवाहो घड्याळाने चालते.

होपी भूमी मागे पडली, की स्टीमबोट, मग हबेलचे दुकान असलेले गनाडो. त्यानंतर रस्ता चढू लागतो. उघड्या रानाऐवजी दोन्ही बाजूंना उंच पाइन वृक्ष येतात. हा डिफायन्स पठाराचा माथा समुद्रसपाटीपासून ७,००० फुटांहून उंच आहे आणि हिवाळ्यात येथे बर्फ साचते. उतारावर सेंट मायकल्स, आणि मग राजधानी. सकाळ सरत आलेली असते. शिमासानींचे काम वीस मिनिटांत होते आणि उरलेला वेळ परतीच्या बसची वाट पाहण्यात जातो. त्या जवळच्या दुकानातून थोडी फळे घेतात, ओळखीच्या बाई भेटल्या तर त्यांचे कूळ, आपले कूळ काढून दोन गोष्टी बोलतात. ‘एका कागदासाठी पाचशे किलोमीटर’ असे आपण म्हणू. परंतु बस नसती तर हेच अंतर त्यांना कोणाच्या तरी उपकाराने कापावे लागले असते, किंवा तो कागद तसाच राहिला असता.

विद्यार्थ्यांना या बसचा उपयोग फार. १९६८ मध्ये नवाहोंनी स्वतःचे महाविद्यालय काढले. मूळ रहिवाशांच्या जमातीने स्वतः स्थापून स्वतः चालवलेले अमेरिकेतील ते पहिले महाविद्यालय होय. त्याचे मुख्य स्थान त्साइली या डोंगराळ ठिकाणी आहे. तेथे नवाहो भाषा, इतिहास हे विषय शिकवतात. स्वतःची मोटार असल्याशिवाय शिक्षण घेता येत नाही अशी अवस्था असेल, तर महाविद्यालय स्थापूनही गरीब मुलगा बाहेरच राहतो.

या सेवेची एक उणीव मात्र डोळ्यांआड करता येत नाही. बस धावते ती डांबरी रस्त्याने. तेथील रस्त्यांपैकी अर्ध्याहून कितीतरी अधिक रस्ते कच्चे आहेत. शिमासानींचा नातू आणि त्याची गाडी होती, म्हणून त्या डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचल्या. ज्यांना नातू जवळ नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्या दृष्टीने घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे दहा किलोमीटर हे पुढच्या अडीचशे किलोमीटरांपेक्षा लांब असतात. मोठी बस त्या चिखलात घालणे शक्य नाही. लहान गाड्या घरोघर पाठवाव्यात, निदान रुग्णांसाठी तरी, असे सुचवले जाते आणि ते बरोबर आहे. पण दूरदूरच्या चार घरांसाठी एक गाडी अर्धा दिवस गुंतून पडते, हेही तितकेच खरे.

रस्ते अजून कच्चे का, असा प्रश्न मुलांच्या मनात येईल. पैशांची टंचाई हे एक कारण झाले. पण तेवढेच नाही. तेथील एक रस्ता केंद्र शासनाच्या खात्याचा, दुसरा राज्याचा, तिसरा जिल्ह्याचा, चौथा जमातीचा. भूमी केंद्राच्या विश्वस्तपणाखाली असल्याने लहानसा रस्ता रुंद करण्यासाठीही अनेक परवानग्या. त्यातच पश्चिम भागात आणखी एक संकट उद्भवले. नवाहो व होपी यांच्यातील भूमीच्या वादामुळे १९६६ मध्ये केंद्र शासनाच्या अधिकाऱ्याने ट्युबा सिटीच्या परिसरातील सुमारे ६,००० चौरस किलोमीटर भागात नवे बांधकाम बंद केले. दोन्ही जमातींची संमती असल्याशिवाय घर वाढवावयाचे नाही, विजेची तार ओढावयाची नाही, रस्ता करावयाचा नाही. गळके छप्परही सहजासहजी शाकारता येत नव्हते. हा निर्बंध कायद्याने पूर्णपणे उठला तो २००९ मध्ये. ज्या मुलांचा जन्म १९६६ मध्ये झाला, ती तोवर त्रेचाळीस वर्षांची झाली होती. वाद दोन जमातींचा आणि त्याचे परिणाम भोगले सामान्य घरांनी. यात न्याय कोठे होता, ते सांगणे कठीण आहे.

कच्च्या रस्त्याचा सर्वांत मोठा जाच लहान मुलांना होतो. ‘पिवळी चिदी’ ही सार्वजनिक बसहून अधिक आत, चिखलाच्या वाटांवरही जाते, कारण शाळेत मूल आणणे तिला भागच असते. १९३० नंतरच्या दशकात शासनाने नवाहो प्रदेशात अनेक दिवसाच्या शाळा बांधल्या. त्यापूर्वी मुलांना घरापासून दूर वसतिशाळांत ठेवीत. तेथे त्यांना आपली भाषा बोलण्याचीही मनाई असे. मुलाने सायंकाळी घरी यावे, आईच्या हातचे खावे आणि आजीच्या तोंडून आपल्या भाषेतील गोष्टी ऐकाव्यात, हा नव्या शाळांमागील हेतू चांगला होता. परंतु मुलांना आणावयाचे कसे? रस्ते असे, की गाड्यांचे सांगाडे खिळखिळे होत. त्यातच महायुद्ध आले, टायर व पेट्रोल मिळेनासे झाले आणि कित्येक शाळा बंद पडल्या. इमारती होत्या, शिक्षक होते. केवळ वाटेपायी शाळा गेल्या. अलीकडे, २०१७ मध्ये, केंद्राच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नवाहो व इतर जमातींच्या रस्त्यांची पाहणी करून अहवाल दिला. त्यातही हेच नमूद आहे, की खराब रस्त्यांमुळे मुलांची शाळेतील हजेरी बुडते आणि बसगाड्या लवकर निकामी होतात. पाऊस वा बर्फ झाले, की चालक आदल्या दिवशीच्या वाटेचा अंदाज घेऊन ठरवतो की आज कोणत्या वळणापर्यंत जाता येईल. त्यापुढच्या घरांतील मुलांना मग आईबाप गाडीने त्या वळणापर्यंत आणतात, नाही तर मुले त्या दिवशी घरीच राहतात. या मुलांपैकी काहींचा प्रवास एका बाजूने तासाहून अधिक असतो.

मोठ्यांच्या बसविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गाडी अर्धी रिकामी धावते, मग ती कशाला चालवावी? आकडे पाहिले, तर आक्षेप खोटा नाही. दाट वस्तीच्या शहरातील बसशी तुलना केली, तर या बसचा दर उतारूमागील खर्च कितीतरी अधिक येणार. परंतु शहरातील बस चुकली, तर माणूस दहा मिनिटांनी दुसरी धरतो किंवा चालत जातो. येथे बस बंद पडली, तर त्याच रस्त्याने जाणारे दुसरे सार्वजनिक वाहन बहुधा नाहीच. बसमधील आठ माणसांपैकी एक रक्तशुद्धीसाठी निघालेला असतो, एक परीक्षेसाठी, एक नोकरीसाठी. त्यांना मोजताना केवळ डोकी मोजून भागत नाही. ती न पोहोचल्यास काय होईल, तेही मोजावे लागते. अनुदान मंजूर करणाऱ्यांना दरवर्षी पुन्हा पुन्हा हे पटवून द्यावे लागते, हे त्या सेवेतील माणसांचे एक कायमचे काम आहे.

नवाहो प्रदेशाचे ११० स्थानिक विभाग आहेत आणि प्रत्येक विभागाचे एक सभागृह असते. तेथे गावकरी जमून आपापल्या भागातील कामांचा विचार करतात. रस्त्याचा विषय निघाला नाही अशी सभा क्वचितच होत असेल. कोणत्या उतारावर खडी टाकावी, कोणत्या ओढ्यावर मोरी बांधावी, हिवाळ्यापूर्वी रस्ता सपाट करणारे यंत्र कोणत्या वाटेवर आधी फिरवावे, यावर तासन्‌तास चर्चा चालते. यंत्र एक आणि वाटा अनेक असतात. म्हातारी माणसे एकटी राहतात ती वाट आधी, की शाळेची बस जाते ती आधी? सभेत दोन्ही बाजूंची माणसे बसलेली असतात आणि पुष्कळदा एकाच घरातून दोन्ही मागण्या येतात.